जबड्यातलं पायाचं हाड

कॅन्सरमध्ये माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, खालचा जबडा गेला. डॉक्टरांनी त्याच्याच पोटरीतलं बारीक हाड काढून, घडवून, तिथं बसवलं. आता तो ओट्यावर बसून चमच्यानं पेज पितो, आणि येणारेजाणारे त्याला बघून जातात.

काल शेजारचे सदूभाऊ आले. "देवच म्हणायचे हे डॉक्टर. पायाचं हाड तोंडात बसवलं," असं म्हणता म्हणता त्यांनी चंची काढली, तंबाखूला चुना लावून ती मळली, थाप मारून भुकटी उडवली आणि सवयीनं तळहात दादापुढे धरला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे तंबाखू मळणारा एकटा खात नाही. आधी हात पुढे करतो, आणि नाही म्हणणं म्हणजे माणसाला तोडणं. याच मायेनं दादाचा जबडा पोखरला. मला त्या हाडाचं वाईट वाटतं. बिचारं जन्मभर शेताचे बांध तुडवत राहिलं, तंबाखूचा कण त्याला कधी शिवला नाही, आणि तोंडानं केलेलं शेवटी त्याला भरावं लागलं. शरीर एवढं सोसतं, आणि आपण देवाचं नाव घेऊन मोकळे होतो.

दादाला नीट बोलता येत नाही. त्यानं पायजमा वर करून पोटरीवरचा लांब व्रण दाखवला. मग दुसऱ्या पोटरीवर हात ठेवून अडखळत म्हणाला, "आता एवढंच उरलंय."

"अरेरे," सदूभाऊ म्हणाले, आणि ती चिमूट त्यांनी स्वतःच्या ओठाखाली धरली.