दिनानाथ पूजेला बसले त्या वर्षी

दिनानाथांबद्दल लिहावं इतका मी त्यांना ओळखत नव्हतो. नवीन पनवेलच्या सरकारी वसाहतीत तीनेक वर्षं आमची दारं समोरासमोर होती, एवढंच. त्यांचं गाव कोणतं, हेही मी कधी विचारलं नाही.

एकोणनव्वद साली आमची कचेरी मुंबईहून बेलापूरला हलवली. दिनानाथ रेकॉर्डला होते. त्यांची बायको सोनाबाई लालबागच्या खोलीत खानावळ चालवायची, ती मागेच राहिली. दर शनिवारी दिनानाथ एस.टी.ने मुंबईला जात आणि सोमवारी थकलेल्या चेहऱ्याने परस्पर कामावर येत. मुंबईला बदली मागून झाली, मिळाली नाही. सोनाबाईंनीच इकडे यावं, एवढीच आशा उरली.

अशात कचेरीतल्या सत्यनारायणाचे दिवस आले. पूजेला जोडपं लागतं, आणि बहुतेकांचे संसार मुंबईतच अडकलेले. दिनानाथ आपणहून म्हणाले, आम्ही बसतो.

टायपिस्ट चंद्रावतीबाईंनी विचारलं, "वहिनी खरंच आहेत ना, दिनानाथ? की शनिवारचे नुसते फिरून येता?"

तेही हसले. त्या आठवड्यात त्यांनी खोलीला चुना काढला, नवा स्टोव्ह आणि दोन मोठी पातेली आणली. इथेही एकटे राहणारे पुष्कळ आहेत, डबे सहज चालतील, असं मला सांगत होते.

सोनाबाई आल्या, पूजेला बसल्या. संध्याकाळी खोली पाहिली. नळ सोडून पाहिला, पातेल्यांवरून हात फिरवला. मी दारातच होतो.

"जागा चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "पण तिकडे माझी माणसं जेवायची थांबलीत. निघते."

दिनानाथ त्यांना स्टँडवर सोडून आले. स्टोव्ह त्यांनी कधी पेटवला नाही. पुढे काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. पूर्ण पेन्शनला अजून अवकाश होता. कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही सोमवारी कचेरीतच कळलं. आता लालबागला पंगतीत वाढतात म्हणे.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी पनवेल स्टँडवर ते भेटले होते. काखेत वळकटी होती.

"अंथरूण कुठे नेताय?" मी विचारलं.

"ढेकूण झालेत. उन्हात टाकतो."

"लालबागला ऊन येतं होय?"

"गच्चीवर येतं. चला, गाडी लागली."