चोरीला गेलेला नर

ठिणगी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण माणूस वेल्डर, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर, त्यामुळे आईबापांनी ठेवलेलं नाव सही करण्यापुरतंच उरलं होतं. पुढे त्याने दुकानावरही 'ठिणगी वेल्डिंग' अशीच पाटी लावली. तीही रागानेच. म्हणा, एकदाचे पोटभर म्हणा.

अशा उतावळ्या माणसाने सात वर्षं वाट बघायला लावणारं फळ निवडावं, यावर त्याची बायको पहिल्या वर्षी पुष्कळ हसली. पुढे तिला हसू येईनासं झालं. कारण घरामागच्या छोट्या गच्चीवर तिच्या कपड्यांच्या तारा होत्या. त्या काढून ठिणगीने लोखंडी अँगलचा मांडव ठोकला आणि त्यावर किवीचे दोन वेल चढवले, एक नर आणि एक मादी. तेव्हापासून घरातले ओले कपडे दारांवर, खिडक्यांवर आणि खुर्च्यांवर वाळत होते. पाहुणा आला की आधी खुर्चीवरचा परकर उचलायचा, मग 'बसा' म्हणायचं.

यंदा तिने शेवटचं सांगून टाकलं. "या वर्षी फळ दिसलं नाही, तर मांडव तुम्ही कापता की मी दुसरा वेल्डर बोलावू?"

मांडव जाणार याचं दुःख एक वेळ ठिणगीने गिळलं असतं. पण दुसरा वेल्डर! ते त्याच्या घशात अडकलं.

नशीब बघा, यंदाच मादीला पहिल्यांदा कळ्या धरल्या. नराला तर त्या तीन वर्षं येतच होत्या. ठिणगी रोज चहाचा कप घेऊन मांडवाखाली उभा राहायचा आणि कळ्यांकडे असा बघायचा, की कुणाची हिंमत आहे गळायची.

त्याच आठवड्यात त्याची थोरली बहीण राहायला आली. आक्का. प्रेमळ बाई, पण हाताला स्वस्थता नाही. पहिल्या दिवशी तिने डबे घासले, दुसऱ्या दिवशी कपाट लावलं, तिसऱ्या दिवशी ती गच्चीवर गेली.

संध्याकाळी ठिणगी कामावरून आला, तर मांडवाचा एक कोपरा मोकळा. उजेड कसा छान येत होता.

"ती एक वेल नुसतीच फुलते रे," आक्का कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "दरवर्षी बघतेय मी, एक फळ नाही. दुसरीची जागा मात्र खाते. मुळासकट काढली. कचऱ्याची गाडी आली होती, तिच्यातच टाकून दिली."

आईच्या माघारी याच आक्काने त्याला वाढवलं होतं. तिच्यावर आवाज चढवायचा म्हणजे पाप. ठिणगी न्हाणीघरात गेला, नळ पूर्ण सोडला आणि बादलीला जे काही बोलला ते त्या बादलीलाच ठाऊक. मग बाहेर येऊन, दात न उघडता त्याने समजावलं की नराला फळ येतच नसतं. त्याच्या फुलातली पिवळी पूड मादीच्या फुलात पडली, तरच मादीला फळ येतं.

आक्काने क्षणभर विचार केला. "मग पाटी लावायचीस ना. झाडांतसुद्धा नुसते बसून खाणारे पुरुष असतात, हे मला काय माहीत?"

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. सात वर्षांनी हसली, तेही नेमकं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मादीची पहिली तीन फुलं उमलली. फूल कामाचं राहतं ते फार तर चार दिवस. ठिणगीने ओळखीच्या सगळ्या रोपवाल्यांना फोन केले. रोपं होती, फुलं कुणाकडेच नव्हती. अख्ख्या गावात फुललेला नर होता तो एकाच ठिकाणी, आणि तिथे जाण्यापेक्षा स्वतःच्या हातांनी मांडव कापणं सोपं होतं.

त्याचं असं झालं होतं. पाच वर्षांपूर्वी त्याचा जिवलग मित्र, पलीकडच्या गल्लीतला फोटोवाला, वेल बघायला आला. वाहवा वाहवा केली, चहा घेतला आणि जाताना एक फांदी मोडून खिशात घालून गेला. ठिणगीला फांदी तुटल्याची ताजी खूण दिसली. गचांडी धरायला तो जिन्यापर्यंत धावला आणि तिथेच थबकला. फांदी नराच्या वेलाची होती. तो पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्या दिवसापासून त्याने फोटोवाल्याशी बोलणं टाकलं. पण फांदी नराची आहे, हे काही सांगितलं नाही. मनात म्हणाला, लाव, घाल खत.

आणि फोटोवाल्याने घातलं. शेणखत घातलं, अंड्यांची टरफलं घातली, पुस्तकं आणून वाचली. वेल त्याच्या छतावर पसरला, दोन वर्षं भरभरून फुलला, आणि फळ शून्य. ही खबर कानावर आली की ठिणगी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायचा.

आता त्याच दारात तो उभा होता. फोटोवाला कुणाच्या तरी पासपोर्टचे फोटो कापत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुझ्या वेलाची फुलं हवी आहेत," ठिणगी म्हणाला.

"फुलं? फळं मागायला ये. आली की."

"येणार नाहीत. नर आहे तो."

कात्री थांबली. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण रागीट माणसाला खोटं बोलायला लागणारा धीर नसतो. "तू चोरलास त्याच दिवशी."

फोटोवाल्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. पाच वर्षं, तो म्हणाला. पाच वर्षं मी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवतोय आणि तू गंमत बघत बसलास? ठिणगी म्हणाला, चोराला पावती द्यायची असते का? मग जे ऐकायला आलं त्यात दोघांच्या शाळेपासूनचा हिशेब निघाला. फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक अर्ध्या चेहऱ्यावर पावडर लावून तसंच पळालं.

अचानक फोटोवाला उठला. कात्री घेऊन छतावर गेला. ठिणगीला वाटलं, झालं, कापला. तो मागोमाग धावला. फोटोवाला एकेक फूल खुडत होता आणि फोटोच्या पाकिटात ठेवत होता.

"पहिलं फळ मी खाणार," तो मागे न बघता म्हणाला. "वेलावरून तोडून. तुझ्या डोळ्यांदेखत."

ती दुपार आणि पुढच्या चार, फुलं उमलतील तशा, दोघांनी मांडवाखाली काढल्या. एक नर फूल, पाच मादी फुलं, मधल्या पांढऱ्या चिकट तुऱ्यावर हलकेच घासायचं. फोटोवाल्याने भिंगं पुसायचा मऊ ब्रश आणला होता. हात हलके होते, तोंडं नव्हती. आक्का दाराशी बसून कुठलं फूल राहिलं ते सांगत होती.

एकतीस फळं धरली. सहा महिने ती फुगत राहिली, तपकिरी, केसाळ. काढणीच्या दिवशी फोटोवाला बोलावण्याची वाट न बघता हजर झाला. ठिणगीने सगळ्यांत मोठं फळ दाखवलं.

किवी वेलावर पिकत नाही. दगडासारखा कडक काढायचा आणि सफरचंदाशेजारी आठ दिवस ठेवायचा, तेव्हा गोड होतो. ठिणगीला हे ठाऊक होतं. त्याने सांगायला तोंड उघडलं, आणि ती मोडलेली फांदी डोळ्यांपुढे आली. त्याने तोंड मिटलं.

फोटोवाल्याने सालीसकट चावा घेतला. त्याचा एक डोळा बंद झाला. मग दुसरा. कानापर्यंत सगळं आंबून गेलं. पण तो शांतपणे चावत राहिला, गिळला, आणि उरलेलं अर्धं फळ ठिणगीपुढे धरलं.

"साखर आहे, साखर. घे."

बायको कंबरेवर हात ठेवून उभी होती. सात वर्षांच्या ओल्या कपड्यांची मालकीण. तिच्यासमोर नाही म्हणायचं, म्हणजे फळ आंबट आहे असं कबूल करायचं.

ठिणगीने ते अर्धं फळ तोंडात टाकलं. "साखर," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बायकोने एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. आत गेली, ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली आणि मांडवाच्या मोकळ्या कोपऱ्यातल्या अँगलवर एकेक कपडा पसरू लागली. तिथे नराचं नवं रोप लावायचं ठिणगीच्या मनात होतं. पण तोंडात किवी होता, त्यामुळे काही बोलता आलं नाही.