मेजवानीला नाही कोण म्हणणार?

माझ्या धाकट्या मामांइतका उतावळा माणूस देवाने पाथर्डी तालुक्यात दुसरा घडवला नाही, आणि घडवला असता तर तो तालुक्याला झेपलाही नसता. बाजारात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता डोक्यात काही आलं की गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्यात तशीच सोडून ते चर्चकडे पळायचे. सहा दिवस सायकली आणि रविवारी आम्ही पोरं. चर्चच्या शब्बाथशाळेत ते येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथा, शिकवत. शिकवत कसले, अंगात घालत! पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी, खडक, काटे, पाखरं, सगळं आम्हीच. पाखरांनी टोचून टोचून 'चांगली जमीन' झालेल्या माझ्या बहिणीला रडवलं, तर ती घराकडे निघालेली आणि मामा मागून ओरडताहेत, "अगं थांब, तुझ्यात शंभरपट पीक यायचंय अजून!"

खेळ ऐन रंगात आला की तो थांबवून प्रश्न विचारायचा, ही त्यांची आणखी एक खोड. हरवलेलं मेंढरू म्हणून मला सरपणाच्या खोलीत दडवलं आणि बाहेर विचारलं, "एकासाठी नव्याण्णव रानात सोडावीत का?" वर्गात सगळ्या जातींची पोरं येत. एक धनगराचं पोर ताडकन उठलं, "न्हाई सोडायची! लांडगा काय वाट बघत बसतोय व्हय?" मामा हरखून गेले, वाद पेटला आणि मेंढराला सगळे विसरले. शेवटी भुकेने कळवळून मीच बाहेर आलो, तर मामा माझ्यावरच खेकसले, "मेंढरू कधी आपणहून येतं का रे? आत जा! तुला शोधायचंय!"

हा गोंधळ चर्चच्या मंडळीच्या पंचांच्या कानावर जाणारच होता. त्यांतले थोरले पंच निवृत्त हेडमास्तर. आम्ही त्यांना आजोबा म्हणत असू आणि त्यांची काठी दिसली की पळत असू. शास्त्र हाताची घडी घालून पाठ करायचं असतं, हे त्यांचं ठाम मत. बहात्तरच्या दुष्काळात एके दिवशी ते दुकानात येऊन म्हणाले, "रविवारी आम्ही येतो. पुन्हा धिंगाणा दिसला, तर वर्ग मी घेईन." मामांना मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते आम्ही होतो. त्या आठवड्यात त्यांनी एकही पंक्चर धड काढलं नाही. मामी म्हणाल्या, "अहो, एक रविवार गुमान पाठ म्हणवून घ्या की." मामा म्हणाले, "पाठ म्हणायला गावात पोपट कमी आहेत का?"

आणि त्यांनी नेमका मेजवानीचा दाखला निवडला. धनी जेवायला बोलावतो आणि आमंत्रित लोक सबबी सांगून नाही म्हणतात, तो. "मेजवानी म्हटलं की वास हवा," म्हणून मामींकडून पातेलंभर हुलग्याचं पिठलं आणि रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या करवून घेतल्या. तिथेच घात झाला! आमच्यातल्या निम्म्यांच्या आया सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या, पोटात कावळे ओरडत होते, आणि नाकाशी ते पिठलं.

पंच मागच्या बाकावर बसले. मी धन्याचा नोकर. पहिल्या पोराला म्हटलं, "चला, जेवण तयार आहे." त्याने 'शेत बघायला जायचंय' म्हणायचं होतं. तो म्हणाला, "शेत काय पळून जातंय का? जेवून मग बघू." दुसऱ्याची सबब नवे बैल घेतल्याची. "औंदा कोन बैल घेतंय? आमचं तर गुरांच्या छावनीत हायती," म्हणत तो पंगतीत बसलासुद्धा. तिसऱ्याची नुकतंच लग्न झाल्याची. "मग बायकूलाबी आनतो की!"

नाही म्हणायला कुणी तयारच होईना. मामांचा चेहरा पडला. आजोबांनी काठी आपटली. आणि एकदम मामांनी उडी मारली, "जा रे, पंचांना बोलाव!"

मी मागे गेलो. एक पंच म्हणाले, "नको बाळ, मीटिंग आहे." दुसरे म्हणाले, "घरी पाहुणे आलेत." आजोबा गरजले, "आम्ही बघायला आलोय, जेवायला नाही!"

"तीन झाले!" वर्ग किंचाळला. मामा नाचायचेच बाकी होते. "हाच, हाच दाखला!" दोन पंच लालबुंद होऊन निघून गेले. आजोबाही दारापर्यंत गेले. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी प्रश्न टाकला, "ज्यांनी नाही म्हटलं, त्यांचं काय करायचं?" मग स्वतःच पुस्तक उघडून वाचलं, की त्यांना मेजवानी चाखायलाही मिळणार नाही.

खडीवाल्या बाईची एक चिमुरडी उठली. "पन त्ये बाबा दारातच हुबं हायती अजून," ती म्हणाली, आणि शेजारणीला ढोसून सरकली. "या की आजोबा. जागा हाय."

आजोबांनी सावकाश वहाणा काढल्या, कोट सावरला आणि त्या मुलीशेजारी मांडी घातली. मामांनी त्यांना भाकरी वाढली. आजोबा सगळी भाकरी जेवले.

पुढच्या रविवारी ते आमच्याआधी येऊन बसले होते. मामा दिसताच त्यांनी घसा खाकरला, "आज मी कोण व्हायचं?" मामांनी त्यांना घर सोडून जाऊन परत आलेला उधळा पुत्र केलं आणि स्वतः बाप होऊन अंगणभर धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडले. मग चर्चा व्हायची होती, पण मामांच्या तोंडून प्रश्नच फुटेना. त्या दिवशी पहिल्यांदाच वर्ग लवकर सुटला. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. उपदेश मी पुष्कळ ऐकले, चांगलेही ऐकले, पण ते ऐकताना मला मामांची फार फार आठवण येते.