'हिस्' या शब्दाचं मूळ

त्या वकिलांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. राग जावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरची जागा निघाली. पुण्यात बोर्डिंगात राहून मी बी.ए. झालो होतो, आमच्या भावकीत पहिलाच. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर घरी येऊन पेरणीची पाभर धरायची. वडिलांनी ऐन पेरणीचा दिवस मोडला, गाडी जुंपली आणि मला मुलाखतीला आणलं. ते बाहेर लिंबाखाली थांबले.

हे निवृत्त वकील शाळा समितीचे अध्यक्ष. कुणब्याच्या पोराला इंग्रजी येतं, हेच त्यांना सोसत नव्हतं. माझा अर्ज चिमटीत धरून ते म्हणाले, "तुम्ही 'हिस्' या शब्दाचे अर्थ सांगा."

मी सांगितले. साप फूत्कारतो ते हिस्. इंजिनातून वाफ सुटते ते हिस्. सभेत वक्ता आवडला नाही की साहेबलोक दातांतून स्‌ स्‌ करून त्याला गप्प बसवतात, तेही हिस्.

"आणि मूळ? लॅटिन की ग्रीक?"

"दोन्ही नाही. आवाजावरूनच झालेला शब्द आहे. आपल्याकडे खळखळ, फुसफुस झाले तसा."

वकील हसले. "मूळ नसलेला शब्द इंग्रजीत नसतो. घरात कुणी शिकलेलं नसलं की असं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाडजूड कोश त्यांच्या मागच्या कपाटातच होता. मी म्हटलं, "काढून बघा ना."

त्यांनी काढला. चष्मा पुसला, पान शोधलं. मी समोरून उलटं वाचत होतो. आवाजाची नक्कल, असंच छापलेलं होतं. त्यांचं बोट बरोबर त्याच ओळीवर थांबलं. मग त्यांनी कोश मिटला आणि माझ्या अर्जावर, माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं, 'इंग्रजी कच्चे'.

"जा तू आता," ते म्हणाले. आत आलो तेव्हा मी निदान 'तुम्ही' होतो. मी बाहेर आलो.

वडील उठून उभे राहिले. "काय इचारलं?"

"एका शब्दाचा अर्थ."

"आला का?"

"आला. पण जागा नाही मिळाली."

त्यांनी बैल जुंपायला घेतले. "मंग त्यान्ला पायजे तसं सांगायचं हुतं, बाबा."

झालं, माझं तोंड सुटलं. अडाणी म्हणालो, लाचार म्हणालो, तुमच्यामुळेच लोक आपल्याला पायाखाली घेतात म्हणालो. वकिलांच्या तोंडावर बोलायला हवं होतं ते सगळं मी गावापर्यंत वडिलांना ऐकवलं. ते कासरा धरून गाडी हाकत राहिले.

त्या वाटेबद्दल मी त्यांची माफी कधी मागितली नाही. आता मागायला ते नाहीत.