आलं होतं, गेलं

बाई आज सकाळी गेली. मला रडू नाही, लाज येऊन राहिली.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. नव्वदी ओलांडली होती.

मी शाळेत गेली तेवढी न गेल्यासारखीच. एका बोटानं टाइप करून राहिली. पोस्टमधल्या चुका काढत बसू नका.

इंग्रज असतानाची गोष्ट. बिरसी गावात आमच्या घरी बिड्या वळत. बाईचं लग्न आमच्याच भागातल्या प्रतापगडाकडं जमलं. ती जायच्या आत माझा हात बसायला पाहिजे होता, नाहीतर मायच्या एकटीच्या हातानं घर चालत नव्हतं.

माझ्या बिड्या पोच्या, सैल व्हायच्या. त्या मी परकराच्या ओच्यात लपवायची. चांगल्या तेवढ्या सुपात.

एक दिवस ओसरीवरून उठली आणि ओचा सुटला. वळायला बसलेल्या साऱ्या बाया हसल्या.

शेजारची काकू म्हणे, "तुयी बहीण बिड्या पेरते का वो?"

बाई हसली नाही. वाकून एकेक बिडी वेचली.

"यातली आधीची कोणती, नंतरची कोणती?"

"मले का माहीत."

"मंग हात कुठं अडकते, मले कसं दिसन? काऊन लपवून राहिली होती?"

त्या दिवसापासून बिघडलेलीही सुपातच. वळली तशी, ओळीनं. बाई शेजारी बसून माझ्या बोटांकडं पाहायची. माझे कान तापायचे.

मग एक बिडी घट्ट झाली. डावा अंगठा कसा कोण जाणे खाली सरकला होता.

"आता का केलं?"

"काही नाही."

पुढच्या पुन्हा पोच्या. मी सूप लोटून दिलं.

बाईनं सूप परत माझ्या मांडीवर ठेवलं. "आलं होतं, गेलं. येते पुन्हा. मी बसली आहो."

आलं. तिच्या लग्नाआधी आलं.

मागच्या महिन्यात तिला भेटायला गेली. डॉक्टर म्हणे, मेमरी गेली. चमचा उलटा धरायची. एकदाच सुलटा धरला, घास बरोबर तोंडात गेला. मग पुन्हा उलटा. भात मांडीवर.

तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि सांडलेला भात पदराखाली लपवला.

मी म्हटलं, "ऑटो थांबला आहे, निघते."

ऑटो नव्हता. सडकेवर अर्धा तास उभी होती.

बाई, नीट जा.

तो एक घास बरोबर गेला होता. मी पाहिला होता.