बाईच्या हातचं लुगडं

“बाईनं विणलंय? बाईनं?”

भवानी पेठेतल्या पेढीवर लुगड्यांचा व्यापारी असा ओरडला, की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट कुर्डुवाडीला जाऊन टेकली आणि तिथून पुण्याची गाडी धरून गेली म्हणतात. मी मात्र हलले नाही. माझं लुगडं त्याच्या मांडीवर पसरलेलं होतं आणि मजुरी अजून माझ्या हातात पडायची होती.

चूक माझीच. तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण ते आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

त्याआधी नवऱ्याचा पाय मोडला होता. आठ रेड्यांची झुंज सोडवायला गेला होता. तो स्वतः म्हणतो एक शेळी होती, पण त्याला मोठेपणा घ्यायची सवयच नाही. हाड बसवणाऱ्यानं पाय फळीला बांधला आणि दोन महिने मागावर बसायचं नाही म्हणून बजावलं. आमचा माग खड्ड्याचा. खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबल्याशिवाय धोटा फेकता येत नाही. आणि आमच्यात मागावर बसायचं ते पुरुषानं. बाईनं सूत उकलायचं, खळ लावायची, कांड्या भरायच्या. त्याची मजुरी? ती लुगड्यातच आली म्हणे, म्हणजे नवऱ्याच्या कनवटीला. बारा वर्षांत मी भरलेल्या कांड्यांचं सूत जोडलं असतं, तर विजापूरचा घुमट सात वेळा गुंडाळून वर गाठ मारायलाही उरलं असतं.

दोन महिने खायचं काय? मीच खड्ड्यात उतरले. नवरा खाटेवरून ओरडायचा, “अगं, काठ सैल पडतोय!”

“तुमी तुमचा पाय बगा. काठाचं मी बगते.”

पहिली दोन लुगडी दिरानं पेढीवर नेली. व्यापाऱ्यानं डोळ्याला भिंग लावून काठ ताणला, पोत चोळला आणि म्हणाला, “तुझ्या भावाचा हात अलीकडं लई बसलाय की!” मजुरी पुरी दिली. ते वाक्य मी चार दिवस भाकरीबरोबर खाल्लं.

तिसऱ्या खेपेला दीर अकलूजला लग्नाला गेलेला, म्हणून मी गेले. पुन्हा भिंग, पुन्हा मान डोलावणं. पैसे मोजून पुढं ठेवत म्हणाला, “नवऱ्याला सांग, अशीच आणखी धा दे.” मला राहवेना.

“त्यांना काय सांगायचं? मीच विणलंय. मागली दोन बी माझीच.”

तेव्हा तो ओरडला. मग भिंग खाली ठेवून निम्मे पैसे परत ओढले. “बाईची मजुरी निम्मी. मागल्या दोहोंचं जादा गेलेलं पुढच्या खेपेला कापीन.”

“काठ वाकडा हाय?”

“न्हाय.”

“पोत विरळ हाय?”

“न्हाय की.”

“मग?”

“पुरुषाला घर चालवायचं असतंय.”

“आन् मी काय खड्ड्यात गंमत म्हणून उतरले व्हय?”

अंगाचा असा भडका उडाला, की शेजारच्या हलवायानं माझ्या डोक्यावर कढई ठेवली असती तर जिलब्या तळून निघाल्या असत्या. हे लिहितानाही बोटं तापतात. बारा वर्षं फुकट राबले तेव्हा कुणी ओरडलं नाही. लपून विणलं तोवर तो बसलेला हात होता. माझा म्हटल्याबरोबर त्याच हाताची किंमत निम्मी! उरलेल्या पैशात चुलीला जळण आलं असतं, चुलीवर ठेवायला काही आलं नसतं.

“बरं,” मी म्हणाले, “बाईच्या हातचं म्हणून मजुरी निम्मी. मग घ्यायला येणाऱ्या बाईला बी हे निम्म्या किमतीत देणार का?”

व्यापारी आता शांत झाला होता. लुगड्याची नीट घडी घालून त्यानं ते वरच्या फळीवर, उंची मालात ठेवलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “लुगडं एक नंबर हाय.”