पौनीकर मास्तरांचा कूलर

कोर्टाच्या व्हरांड्यात नुसतं उभं राहिलं तरी किस्से जमतात, त्यासाठी वकील असावं लागत नाही. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे किरकोळ रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, भाऊसाहेब वकिलांचा ज्युनिअर होतो. शिंपी, गवंडी, सुतार, कोणीही काम बिघडवलं की भरपाई मागायला लोक भाऊसाहेबांकडेच यायचे.

*

एका नवऱ्या मुलाचा लग्नातला कोट दिवाळीत बसेना. शिंप्यानं जजसाहेबांना सांगितलं, "साहेब, माप घेतलं तवा हा नवरदेव होता. दिवाळसण खाऊन आता जावई झाला. माह्या कोटाचा काय दोष?"

जजसाहेबांनी नवरदेवाला फक्त एकच विचारलं, "सासुरवाडी कुठली?" नरखेड म्हटल्यावर केस तिथंच संपली; नरखेडकरांचा जावयाला होणारा पाहुणचार सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता.

*

एका बाईंच्या नव्या न्हाणीचं पाणी थेट स्वयंपाकघरात यायचं. गवंड्याला विचारलं, उतार दिला नव्हता का?

"दिला नं साहेब. बाईच म्हणे, पाणी ईशान्येलेच गेलं पाहिजे, नाही तं घराले लाभत नाही. तं ते ईशान्येलेच जाऊन राहिलं. तिथं यायनं चूल मांडली, त्याले मी काय करू?"

बाईंनी केस मागे घेतली आणि चूल हलवली.

*

अशा केसेस लढून भाऊसाहेबांचं एवढं नाव झालं की इतवारीतला एकही कारागीर त्यांच्या घरचं काम घेईना. त्यांच्या काळ्या कोटाचं अस्तर फाटलं, तर शिंप्यानं हात जोडले. "नको वकीलसाहेब. मी शिवीन, अन् तोच कोट घालून तुम्ही माह्यावर केस लढान."

शेवटी वहिनींनी अस्तर घरीच शिवलं. ते वाकडं झालं, पण त्यावर भाऊसाहेबांनी केस लावली नाही.

*

आणि पौनीकर मास्तरांचा कूलर.

मास्तरांची शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती ऐन मे महिन्यात. घरावर टिनाचं छप्पर. मास्तरांनी मिस्त्रीकडून पत्र्याचा कूलर बनवून घेतला, तर तो गार हवेऐवजी पाण्याचे शिंतोडे उडवायचा. शकूचा बिछाना ओला व्हायचा आणि उकाडा जागच्या जागी. मिस्त्री ऐकेना. म्हणे, "कूलर ठीक आहे. तुमच्याच घरचं लाईट कमी आहे."

मग मीच मास्तरांना भाऊसाहेबांकडे नेलं, केस लागली आणि जजसाहेबांनी कूलर पुरावा म्हणून कोर्टात मागवला. रिक्षातून आला, खिडकीपाशी बसला, सुरू झाला. कोर्टात बाहेरून तापलेली लू येत होती, अंगावर ते शिंतोडे पडले आणि सगळे कूलरकडे सरकले. भाऊसाहेबांनी युक्तिवाद डोळे मिटूनच केला.

"आणखी पाहणी करावी लागेल," म्हणत जजसाहेबांनी पुढची तारीख दिली. कूलर कोर्टातच राहिला. चपराशी न सांगता पाणी भरू लागला, शेजारच्या कोर्टातले वकील मागच्या बाकावर येऊन बसू लागले. तारखेवर तारीख पडत होती.

"साहेब, माही पोरगी घरी भाजून राहिली," मास्तर कळवळून म्हणाले. मला त्यांच्याकडे पाहवेना. आपणच त्यांना इथं आणलं, असं वाटून स्वतःचा रागही आला.

"त्याचीच तर पाहणी चालली आहे," जजसाहेब म्हणाले.

पुढच्या तारखेला मास्तर आले ते शकूला घेऊन. बरोबर उशी आणि पाण्याची सुरई. पहिल्या बाकावर, कूलरच्या बरोबर समोर तिला बसवलं.

"या कोण?"

"साक्षीदार, साहेब. कूलर हिच्यासाठीच होता. हवा गार लागते का नाही, हेच सांगन."

यात जजसाहेबांना हरकत घेता येईना. दर तारखेला शकू सकाळी कोर्ट उघडताच यायची आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर घरी जायची. एका दुपारी मात्र मिस्त्रीच कंटाळला. "साहेब, इचारा तं खरं तिले एकदा!"

जजसाहेबांनी विचारलं, "सांगा बाई, हवा गार लागते का?"

शकूनं उशी पाठीशी नीट सारली, पाय बाकावर घेतले.

"अजून समजून नाही राहिलं, साहेब. पुढची तारीख द्या."